भार तोच, मग तडा का वाढतो?

वाचकांचे प्रश्न : घर आणि बांधकाम

या वेळी उत्तरासाठी पाच पत्रे निवडली आहेत. ती वेगवेगळ्या गावांहून आली असली तरी त्यांच्या मुळाशी बहुतांशी एकच शंका आहे : काँक्रीटवरचा भार वर्षानुवर्षे तेवढाच असताना त्यातील भेग पुढे का सरकते? पहिल्या पत्राला जागा अधिक दिली आहे, कारण ते उत्तर नीट समजले की पुढची उत्तरे समजायला वेळ लागत नाही.

प्रश्न : आमचे दुमजली घर 2011 साली बांधून झाले. दिवाणखान्यावरून जाणारा बीम सुमारे साडेपाच मीटर लांबीचा असून त्याच्यावर वरच्या मजल्याची विटांची भिंत आहे. 2015 साली रंगकाम करताना बीमच्या तळाला, साधारण मध्यावर, केसाएवढी भेग दिसली. पुट्टी भरून रंग दिला. तीन वर्षांनी ती पुन्हा उमटली आणि आता बीमच्या बाजूवरही वर चढलेली दिसते. या काळात घरात कोणतेही नवे वजन चढवलेले नाही. मिस्त्री म्हणतात, ‘प्लॅस्टरची भेग आहे, काळजी करू नका.’ पुतण्या स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो, तो म्हणतो, ‘बीम गेला.’ खरे काय मानायचे? आणि वजन वाढले नसेल तर भेग वाढते कशी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोघांनीही निकाल देण्याची घाई केली आहे. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती माहीत नसल्यामुळे अनेक घरांत विनाकारण झोप उडते. काँक्रीट दाब जितका सोसते त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढाच ताण सोसते. बीम वाकतो तेव्हा त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि तळ ताणला जातो. तळाचे काँक्रीट एका मर्यादेनंतर फाटते आणि मग ताणाचा भार सळया उचलतात. सळया घातलेल्याच असतात त्यासाठी. म्हणून बीमच्या तळाला मध्यावर उभी, बारीक भेग असणे हा आपोआप दोष ठरत नाही. काँक्रीटच्या बांधकामासाठीचे आपल्याकडील भारतीय मानक 456 सर्वसाधारण परिस्थितीत पृष्ठभागावरील भेगेची रुंदी 0.3 मिलिमीटरपर्यंत चालवून घेते. जिथे ओल कायम असते किंवा मातीशी वा पाण्याशी संबंध येतो तिथे ही मर्यादा 0.2 पर्यंत खाली येते आणि अधिक कडक परिस्थितीत 0.1 पर्यंत.

आता आपला मुख्य प्रश्न. जुने घर पाडताना निघालेले काँक्रीटचे एखादे ढेकूळ हातात घेऊन त्याची तुटलेली बाजू उन्हात धरून पाहा. काही ठिकाणी खडी अर्धी तुटलेली दिसेल, पण बऱ्याच ठिकाणी खडी अख्खी निघून आलेली असते आणि मागे तिच्या आकाराचा खळगा राहिलेला असतो. काही खळग्यांचा तळ आश्चर्य वाटावे इतका गुळगुळीत असतो. काँक्रीट ओतल्यावर त्यातले जास्तीचे पाणी वर यायला बघते, वाटेत खडी आडवी आली की तिच्या पोटाखाली ते साचून राहते, आणि नेमक्या त्या जागी सिमेंटची पकड विरळ बसते. खडीभोवतीचा हा कमकुवत थर मिलिमीटरच्या वीस ते पन्नास हजारांश जाडीचा, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक असतो. काँक्रीट घट्ट होताना आक्रसते तेव्हा याच थरात अतिसूक्ष्म चिरा पडतात. बीमवर एक वीटही चढण्याआधी त्या तिथे असतात.

आपण डोळ्यांनी पाहतो ती भेग जिथे संपते, तिथे ती खरोखर संपलेली नसते. तिच्या टोकापुढे काही सेंटिमीटरचा एक पट्टा असा असतो की तो धड अखंडही नसतो आणि धड फाटलेलाही नसतो. 1976 साली स्वीडनमधील लुंड येथे आर्ने हिलरबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पट्ट्याचे गणित प्रथम व्यवस्थित मांडले. त्या पट्ट्यात असंख्य सूक्ष्म चिरा असतात, पण खडीचे तुकडे आणि सिमेंट-वाळूचे अवशिष्ट दुवे दोन्ही बाजूंना अजून धरून असतात. उसवत चाललेल्या शिवणीचे शेवटचे टाके जसे कापडाचे दोन पदर धरून ठेवतात, तसेच हे असते. या टाक्यांवरचा ताण जेव्हा तासन्‌तास, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे तसाच राहतो, तेव्हा प्रत्येक टाका थोडा थोडा सैल पडतो. त्याने सोडलेला भार शेजारच्या टाक्यावर जातो. तो सैल पडला की त्याच्या पुढच्यावर जातो. आणि भेगेचे टोक पुढे सरकते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की काहीच बदललेले नाही, कारण वजन तेवढेच आहे. आत मात्र ते वजन पेलणारे हात कमी झालेले असतात.

टाका सैल का पडतो, याचे उत्तर बरेचसे पाण्यात आहे. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेतून जो चिकट, अतिसूक्ष्म थरांचा पदार्थ तयार होतो, त्याच्या थरांत पाणी अडकलेले असते. सततच्या भाराखाली हे थर एकमेकांवरून किंचित सरकतात आणि पाणी जागा बदलते. अभियंते या संथ, सततच्या विकृतीला क्रीप म्हणतात. पूर्ण सुकवलेले काँक्रीट फारच थोडे क्रीप करते, हे प्रयोगांनी सिद्ध आहे. याउलट भाराखाली असतानाच सुकत जाणारे काँक्रीट सर्वांत जास्त क्रीप करते, हे गेराल्ड पिकेट यांनी 1942 साली दाखवून दिले. आपल्या घरातला बीम नेमका या दुसऱ्या वर्गात मोडतो : सेंट्रिंग काढल्याबरोबर त्याने भार घेतला आणि त्यानंतर काही वर्षे तो हळूहळू सुकत गेला. शिवाय भेगेच्या टोकाशी ताणलेल्या अवस्थेतील बंध ओलाव्याच्या संगतीत अधिक सहज तुटतात. काचेच्या बाबतीत तर हे फार पूर्वीपासून माहीत आहे.

याला आणखी तीन गोष्टींची जोड मिळते. बीमच्या वरच्या, दाबल्या गेलेल्या भागातही क्रीप होते, त्यामुळे बीम अधिक झुकतो आणि तळ अधिक ताणला जातो. सळई आणि काँक्रीट यांच्यातील पकड भेगेच्या दोन्ही अंगांना थोडी सरकते. आणि काँक्रीट सुकताना आक्रसत असल्यामुळे भेगेचे काठ एकमेकांपासून दूर जातात. हे सगळे किती होते, याचा अंदाज अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या नियमावलीतून येतो. बीमच्या दाबाच्या बाजूला वेगळ्या सळया नसतील, तर कायमच्या भाराखाली पाच वर्षांत होणारा जादा झुकाव हा पहिल्या दिवशीच्या झुकावाच्या दुप्पट धरतात. म्हणजे टेकू काढल्यावर 5 मिलिमीटर झुकलेला बीम पाच वर्षांनी 15 मिलिमीटर झुकलेला असू शकतो, आणि तरीही तो गणितात बसतो. या जादा झुकावापैकी निम्मा पहिल्या तीन महिन्यांतच होतो. भेगेची रुंदीही काळाबरोबर दुपटीपर्यंत जाऊ शकते.

या आकड्यांतच आपल्याला हवे ते मार्गदर्शन आहे. सुदृढ बीममधील भेग सुरुवातीला भराभर वाढते, मग तिचा वेग उतरत जातो आणि काही वर्षांनी ती जवळजवळ थांबते. धोक्यातील बीमची भेगही सुरुवातीला तशीच वागते, मधल्या काळात संथपणे चालत राहते, पण नंतर तिचा वेग पुन्हा वाढू लागतो. म्हणून एका दिवसाच्या पाहणीत भेगेची रुंदी मोजून कोणी ठाम मत देत असेल तर मी त्यावर विसंबणार नाही. भेगेची चाल पाहावी लागते.

ती अशी पाहावी. प्रथम भेगेवरचे प्लॅस्टर वीतभर रुंदीच्या पट्ट्यात अलगद काढून टाकावे, म्हणजे मिस्त्रींचे म्हणणे खरे की नाही ते तिथेच कळेल. भेग फक्त प्लॅस्टरमध्ये असेल तर खालचे काँक्रीट कोरे दिसेल. काँक्रीटमध्येही भेग असेल तर तिच्या वरच्या टोकाशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. मग भेगेवर आडवी, दोन्ही बाजूंना इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या कडक गोंदाने) चिकटवलेली पातळ काचेची पट्टी बसवावी; भेग हलली तर ती तडकेल. प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी यासाठी उत्तम. रुंदी मोजण्यासाठी रेघांचे पारदर्शक कार्ड मिळते, ते भेगेवर धरून महिन्यातून एकदा, शक्यतो सकाळच्या एकाच वेळी, नोंद करावी. निदान एक वर्ष तरी नोंद ठेवावी, कारण मे महिन्यातली भेग आणि ऑगस्टमधली भेग यांत उष्णतेने आणि दमटपणाने फरक पडतो. तो फरक वाढ समजण्याची चूक होऊ नये.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील एक अनुभव इथे सांगतो. एका जुन्या कार्यालयाच्या तळमजल्यावरील तीन बीमना भेगा होत्या आणि प्रत्येकावर मी अशी काच लावली. दोन काचा वर्षभर शाबूत राहिल्या. तिसरी अठरा दिवसांत तडकली. वर जाऊन पाहिले तर त्या बीमवरच्या खोलीत जुन्या कागदपत्रांचे गठ्ठे जमिनीपासून छतापर्यंत रचलेले होते. खिडकीसुद्धा झाकली गेली होती. कोणी एका दिवसात काही चढवले नव्हते, दर महिन्याला दोन-चार गठ्ठे येत गेले होते, म्हणून ‘वजन वाढवले का?’ या प्रश्नाला सर्वांनी प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर दिले होते. राहण्याच्या खोलीच्या जमिनीवर आपण दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोनशे किलो, वापराचा भार धरतो; दप्तरांच्या कोठाराला तोच भार किमान 5 आणि पुस्तकांच्या कोठाराला किमान 6 किलोन्यूटन धरावा लागतो. माणसे येतात आणि जातात, कागद मात्र रात्रंदिवस तिथेच बसून असतो. गठ्ठे हलवल्यानंतर लावलेली नवी काच मी तिथून बदलून जाईपर्यंत तडकली नव्हती.

तेव्हा आपणही वरच्या मजल्यावर एकदा चक्कर मारून जुनी कपाटे, धान्याच्या कोठ्या, गच्चीवरील पाण्याची टाकी, मातीच्या कुंड्या यांचा शांतपणे हिशेब करा. आपल्या पत्रातील वर्णनावरून भेग मध्यावर आणि उभी दिसते, आणि ती बाजूवर बीमच्या अर्ध्या उंचीपर्यंत चढलेली असेल तर ते नैसर्गिक आहे. पण घर बांधून इतकी वर्षे झाल्यावर तिची चाल थांबायला हवी होती. काच तडकली, किंवा रुंदी 0.3 मिलिमीटरच्या पुढे भरली, तर बीमखाली लोखंडी टेकू देऊन रचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. आणि खालीलपैकी काही दिसले तर वर्षभराची नोंद करत बसू नये, त्याच आठवड्यात तज्ज्ञ बोलवावा : बीमच्या टोकाशी, कॉलमजवळ तिरपी जाणारी भेग, कॉलमवरच उभ्या भेगा, किंवा भेगेतून उतरणारे गंजाचे तांबूस डाग.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत काँक्रीटचा क्यूब काही मिनिटांत फुटतो आणि आम्ही ती त्याची ताकद म्हणून लिहितो. कॉलमला मात्र पन्नास वर्षे भार घ्यायचा असतो. मग दोन्हींची ताकद एकच कशी धरता येईल? (एक विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : धरता येत नाही, आणि हा प्रश्न आपल्याला स्वतःहून पडला याचा मला फार आनंद झाला. आपल्या मानकानुसार क्यूबवरचा दाब मिनिटाला 14 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या वेगाने वाढवतात. एम-20 दर्जाचा, म्हणजे 20 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचा, क्यूब म्हणजे साधारण दोन मिनिटांचा खेळ. म्यूनिक येथील ह्यूबर्ट र्‍यूश यांनी एकसारखे अनेक नमुने घेऊन त्यांवर त्यांच्या अल्पकालीन ताकदीचे वेगवेगळे हिस्से ठेवले आणि ते भार तसेच राहू दिले. त्यांचे निष्कर्ष 1960 साली प्रसिद्ध झाले. फार मोठा हिस्सा लादलेले नमुने काही मिनिटांत किंवा तासांत फुटले, थोडा कमी लादलेले काही दिवस टिकून मग फुटले, आणि सुमारे 80 टक्क्यांच्या खाली लादलेले फुटलेच नाहीत. कायमच्या भाराखालील काँक्रीटची ताकद ही क्यूब फोडून मिळालेल्या ताकदीच्या साधारण चार-पंचमांश असते, हे तेव्हापासून सर्वमान्य झाले.

ही 80 टक्क्यांची रेषा कुठून येते, याचा सुगावा त्याच्या तीस वर्षे आधी लागला होता. इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट, ब्रँड्टझेग आणि ब्राउन यांनी 1929 साली नमूद केले की, दाबाखाली काँक्रीटचे घनफळ आधी कमी होत जाते आणि अखेरच्या टप्प्यात उलट वाढू लागते. दाबली जाणारी वस्तू फुगू लागते, याचा अर्थ तिच्या आत पोकळी तयार होत आहे. ताकदीच्या 30 ते 40 टक्क्यांपर्यंत खडीभोवतीच्या मूळच्या चिरा फारशा हलत नाहीत. त्यापुढे त्या खडीच्या कडेकडेने लांबत जातात, पण भार वाढवणे थांबवले तर त्यांचे वाढणेही काही काळाने थांबते. 75 ते 80 टक्क्यांच्या आसपास एका खडीजवळची चीर मधल्या सिमेंट-वाळूतून वाट काढून दुसऱ्या खडीजवळच्या चिरेला जाऊन मिळते. तिथून पुढे भार वाढवण्याची गरज उरत नाही, फक्त वेळ लागतो.

र्‍यूश यांच्या कामातील दुसरा मुद्दा पाठ्यपुस्तकांत सहसा एका ओळीत उरकला जातो, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. नव्या काँक्रीटमध्ये दोन क्रिया एकाच वेळी चाललेल्या असतात : चिरा वाढून ताकद कमी होत असते आणि सिमेंट-पाण्याची क्रिया चालू असल्याने ताकद वाढतही असते. ही शर्यत असते. कोवळ्या काँक्रीटवर जड भार आला आणि ते पहिले काही दिवस तगले, तर बहुधा पुढेही तगते, कारण तोवर वाढत्या ताकदीने आघाडी घेतलेली असते. पण तीस-चाळीस वर्षे सुकलेल्या कॉलमवर नवा मजला चढवला, तर त्याच्यापाशी अशी वाढती ताकद शिल्लक नसते. तिथे शर्यतीत एकटी भेगच धावत असते. जुन्या इमारतीवर मजला वाढवण्याचा प्रस्ताव समोर आला की मी सर्वप्रथम हीच गोष्ट सांगतो आणि मालकाच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली तरी सांगतो.

नियमावल्या याची काळजी घेतात. युरोपीय नियमावलीत दीर्घकालीन भारासाठी 0.8 ते 1.0 च्या दरम्यान एक गुणक प्रत्येक देशाने निवडायचा असतो, जर्मनीने 0.85 निवडला. आपल्याकडे क्यूबच्या ताकदीला 0.67 ने गुणून 1.5 ने भागतात, म्हणजे एम-20 काँक्रीटच्या वाट्याला अंतिम अवस्थेतही सुमारे 8.9 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर एवढाच दाब येऊ देतात. भारावरही 1.5 चा गुणक असल्यामुळे रोजच्या वापरात हा दाब ढोबळमानाने 6 च्या आसपास, म्हणजे क्यूबच्या ताकदीच्या 30 टक्के, राहतो. ही जागा सुरक्षित आहे, कारण तिथे चिरा हलत नाहीत.

पण हा सगळा हिशेब काँक्रीट खरोखर एम-20 असेल तर. मिक्सरमध्ये माल सैल करण्यासाठी बादलीभर जादा पाणी ओतले आणि ताकद 20 ऐवजी 12 भरली, तर तोच 6 चा दाब 30 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर जाऊन बसतो. त्यावर नकाशात नसलेली एखादी भिंत किंवा टाकी आली की ही टक्केवारी आणखी चढते, आणि कॉलम अशा पट्ट्यात जाऊन पोहोचतो जिथे चिरा कधीच पूर्ण थांबत नाहीत. कोणताही भूकंप नसताना, वादळ नसताना एखादी इमारत एका साध्या दिवशी बसते आणि लोक म्हणतात, ‘काल तर ठीक होती.’ अशा वेळी ती ठीक दिसण्यामागे किती वर्षे हे चालले होते, हे तपासावे. स्थापत्य अभियंता म्हणून आपण उद्या साइटवर उभ्या राहाल, तेव्हा त्या जादा बादलीला हात आडवा करण्याचे काम आपले आहे.

प्रश्न : स्लॅब टाकून सात दिवस झाले आहेत. सेंट्रिंगचे सामान दुसरीकडे न्यायचे आहे म्हणून ठेकेदार टेकू काढण्याची घाई करत आहेत. चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधले अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर साध्या सिमेंटसाठी मानकात किमान 7 दिवस सांगितले आहेत, त्याहून मोठा असेल तर 14. बीम सहा मीटरपर्यंतचा असेल तर त्याचे टेकू 14 दिवस आणि त्याहून लांब असेल तर 21 दिवस ठेवावेत. हे किमान दिवस आहेत, आणि तेही पाणी नीट मारले गेले असेल तर. सातव्या दिवशी भार घेतलेल्या काँक्रीटसाठी आपले मानक क्रीपचा गुणांक (भार येताच होणाऱ्या विकृतीच्या किती पट विकृती पुढे क्रीपने होते तो आकडा) 2.2 धरते, अठ्ठाविसाव्या दिवशी घेतलेल्यासाठी 1.6 आणि वर्षाने घेतलेल्यासाठी 1.1. आज वाचवलेल्या दोन आठवड्यांचा झुकाव पुढे आयुष्यभर सोसावा लागतो. त्यातच टेकू काढल्याबरोबर त्याच स्लॅबवर विटांचे आणि वाळूचे ढीग टाकण्याची पद्धत आहे, तिला तर ठाम नकार द्या.

प्रश्न : 5 जुलै 1986 रोजी पणजीजवळचा मांडवीवरील पूल कोसळला, तेव्हा मी शाळेत होतो. तो पूलही स्वतःच्याच भाराखाली भेगा वाढून गेला का? एवढे मोठे पूल निव्वळ स्वतःच्या वजनाने खचू शकतात का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : मांडवीच्या पुलाचे दुखणे मुख्यतः वेगळे होते. तो प्रीस्ट्रेस्ड पूल होता, म्हणजे त्यातील काँक्रीट पोलादी तारांनी ताणून आवळलेले होते. खाऱ्या हवेत आणि ओलाव्यात त्या तारा गंजल्या. भेगेचा अशा वेळी संबंध एवढाच की ती क्षारांना आत जायला दार उघडून देते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘हो, खचू शकतात’ असे आहे, आणि हे ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी प्रथम पाहिले त्यांची हकिगत सांगण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये आलिए नदीवर ल व्हर्द्र येथे यूजीन फ्रेसिने या तरुण अभियंत्याने 1911 च्या सुमारास प्रत्येकी सुमारे सत्तर मीटरच्या तीन चपट्या काँक्रीट कमानींचा पूल बांधला. त्या काळच्या नियमांप्रमाणे काँक्रीट एकदा घट्ट झाले की भाराखाली कालांतराने बदलत नाही, असे गृहीत धरले जाई. काही महिन्यांत फ्रेसिने यांच्या लक्षात आले की पुलाचे कठडे खाली झुकले आहेत आणि कमानींचे माथे रोज थोडे थोडे उतरत आहेत. हा उतार तेरा सेंटिमीटरच्या आसपास गेला. चपटी कमान माथ्याशी फार उतरली तर ती कोसळायला काहीच अडवत नाही. सुदैवाने त्यांनी माथ्याशी जॅक बसवण्याची जागा राखून ठेवली होती. एका रात्री ते सायकल दामटत पुलाजवळच्या गावी पोहोचले, चार विश्वासू माणसांना उठवले, जॅक पुन्हा बसवले आणि उजाडताच तिन्ही कमानी एकाच वेळी उचलायला सुरुवात केली. तो बाजाराचा दिवस होता, त्यामुळे गाड्या जाऊ देण्यासाठी अधूनमधून काम थांबवावे लागत होते. कमानी पूर्वपदावर आल्यावर माथे पक्के केले गेले, आणि 1940 मध्ये युद्धात उद्ध्वस्त होईपर्यंत तो पूल नीट उभा होता. काँक्रीट वर्षानुवर्षे दबत जाते, तेव्हा त्याला आवळणारे पोलादही तेवढेच चिवट आणि भरपूर ताणलेले हवे, हा धडा घेऊन त्यांनी 1928 साली प्रीस्ट्रेसिंगचे पेटंट घेतले.

दुसरे उदाहरण प्रशांत महासागरातील पलाऊ या बेटांच्या देशाचे. कोरोर आणि बाबेलदाओब या बेटांना जोडणारा पूल 1977 साली पूर्ण झाला. त्याचा मधला गाळा 241 मीटरचा होता आणि त्या प्रकारच्या पुलांत तो जगात सर्वांत लांब होता. दोन्ही काठांकडून पुढे काढलेले बाहू मध्यावर एका बिजागरीने जोडलेले होते. क्रीपमुळे मध्य काहीसा उतरेल हे रचनाकारांनी धरले होते, पण अठरा वर्षांत तो दीड मीटरच्या आसपास उतरला. म्हणून 1996 साली बिजागरी काढून नव्या तारांनी पूल आवळण्यात आला. त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी, 26 सप्टेंबर 1996 रोजी, तो एकाएकी कोसळला. दोन जणांचा मृत्यू झाला, आणि पाण्याच्या व विजेच्या वाहिन्या त्याच पुलावरून जात असल्यामुळे कोरोरमधील लोकांचे फार हाल झाले. या पुलाची बंद राहिलेली कागदपत्रे पुढे खुली झाली, तेव्हा अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे झ्डेनेक बाझांत यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला. प्रचलित सूत्रे काही वर्षांनी क्रीप थांबते असे धरून चालत होती. प्रत्यक्षात ते मंदावत जाते, पण दशकानुदशके चालू राहते, असे त्यांनी दाखवले. इतर देशांतील अनेक मोठ्या पुलांच्या नोंदीही त्यांनी गोळा केल्या, आणि त्यांतही अपेक्षेपेक्षा जास्त उतार आढळला. घराच्या बीमची चाल काही वर्षांत जवळजवळ थांबते असे मी वर लिहिले आहे, ते लहान गाळ्यांना आणि पातळ, लवकर सुकणाऱ्या भागांना लागू पडते. जाड भिंतींच्या, लांब गाळ्यांच्या पुलांना ते जसेच्या तसे लावू नये.

प्रश्न : भेगेत इपॉक्सी भरून घेतले तर तिची वाढ कायमची थांबते का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : भेग आधीच थांबलेली असेल तर इपॉक्सी उत्तम काम करते : दोन्ही बाजू एकसंध होतात, आणि पाणी व हवा सळईपर्यंत पोहोचत नाही. पण भेग चालती असेल तर ते उपयोगाचे नाही. नीट भरलेले इपॉक्सी ताणाला काँक्रीटपेक्षा बळकट असते, त्यामुळे भरलेली जागा टिकते आणि तिच्या शेजारी बोटभर अंतरावर नवी भेग उघडते. भेग भरणाऱ्याने ती चालती आहे की थांबलेली, हे विचारलेच नाही, तर काम सुरू करू देऊ नये. आधी काचेची पट्टी लावून निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्यावा; भेग चालतीच आढळली तर आधी तिच्यावरचा भार कमी करावा किंवा बीमला आधार द्यावा, आणि ती थांबल्याची खात्री झाल्यावर मगच इपॉक्सी भरून घ्यावे. तोपर्यंत पावसाचे पाणी आत जाऊ नये एवढ्यापुरते, ताणले जाणारे लवचिक सीलंट वरून लावून ठेवायला हरकत नाही. मात्र पेन्सिलीची रेघ आणि तारीख त्याखाली झाकली जाणार नाही, एवढे पाहावे.